खोटा इशारा, खरा व्हायरस आणि व्यापाऱ्याची पत

‘सावधान! अमुक नावाचा मेल आला तर उघडू नका. उघडलात तर संगणकातील सर्व काही पुसले जाईल. हा संदेश आपल्या सर्व ओळखीच्यांना ताबडतोब पाठवा.’ अशा मजकुराचा इशारा ज्याच्याकडे कधी आलाच नाही असा व्यापारी आज शोधून सापडायचा नाही. पूर्वी तो ई-मेलवर येई, आता बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. भिवंडीचा यंत्रमागवाला असो, धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवून परदेशी धाडणारा कारखानदार असो, की मालेगावात सुताची दलाली करणारा असो, इशारा वाचला की हात आपोआप तो पुढे पाठवायला जातो. आपण चार बांधवांचे भले केले, असे समाधानही वाटते. आमचे म्हणणे असे की, या कृतीने भले तर होत नाहीच, उलट नुकसान होते. त्यात संगणक एकवेळ वाचतो, पण व्यापाऱ्याची पत जाते.

आमच्या घरांतील बुजुर्गांना हा प्रकार नवा वाटू नये. मदिनेचे खादिम शेख अहमद यांना पडलेल्या स्वप्नाचे एक पत्रक, ज्याला ‘वसीयतनामा’ म्हणतात, ते कित्येक पिढ्या मुस्लिम वस्त्यांतून फिरत आले आहे. ज्याने याच्या प्रती काढून वाटल्या त्याला धंद्यात नफा झाला, ज्याने ते खोटे मानले त्याच्यावर संकट कोसळले, असा त्यातील मजकूर. लोकांनी पदरचे पैसे घालून त्याच्या प्रती छापल्या आणि नमाजींच्या हातांत दिल्या. सौदी अरबचे मुफ्ती शेख अब्दुल अजीज बिन बाझ यांनी हे पत्रक बनावट आहे असे लेखी जाहीर केले, आणखीही उलेमांनी सांगितले, तरी ते थांबले नाही. शेजारच्या हिंदू घरांत संतोषी मातेच्या नावाची पोस्टकार्डे येत, त्यांची तऱ्हा हीच. एक मोठे नाव, एक भीती, थोडी घाई आणि ‘पुढे पाठवा’ हा हुकूम, एवढ्या सामानावर हा सगळा कारभार चालतो. व्हायरसच्या खोट्या इशाऱ्यात नवे काहीच नाही. मदिनेच्या जागी अमेरिकेतील एखाद्या कंपनीचे नाव आले, एवढेच.

पहिला गाजलेला खोटा इशारा १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत निघाला. आपल्याकडे विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे त्याच्याही नंतर. ‘गुड टाइम्स’ असा विषय लिहिलेला मेल उघडू नका, तो वाचताच हार्ड डिस्क पुसली जाते, असे त्यात म्हटले होते. पुढे कुणीतरी त्यात भर घातली की हा इशारा अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने दिला आहे. वास्तविक त्या सरकारी खात्याचा व्हायरसच्या इशाऱ्यांशी काही संबंध नव्हता. आणखी भर अशी की, या व्हायरसने संगणकाचा प्रोसेसर न संपणाऱ्या चक्रात अडकतो व बिघडतो. वाक्य भारदस्त, अर्थ शून्य. परंतु भारदस्त वाक्याला माणूस दबतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

येथे व्हायरस म्हणजे काय हे जरा स्पष्ट करणे भाग आहे. तो हवेतून येणारा रोग नाही. तो कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम असतो आणि संगणकावर तो चालला तरच काही करू शकतो. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांच्या दुकानातून ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस निघाला. आयबीएम धाटणीच्या पीसीवरील तो पहिला व्हायरस मानला जातो. आपला प्रोग्रॅम चोरून वापरणारे कळावेत म्हणून तो केला, असे त्यांचे म्हणणे होते; आणि त्यात त्यांनी चक्क आपल्या दुकानाचे नाव, पत्ता व फोन नंबर घातला होता! तो फ्लॉपीवरून पसरे. पुढे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम करणारे कैलास काटकर यांनी आपले भाऊ संजय यांच्या साथीने व्हायरसवरील इलाजाचा प्रोग्रॅम काढला, तोच आजचा ‘क्विक हील’. दर्दही दोन भावांचा, दवाही दोन भावांची.

तर ‘गुड टाइम्स’च्या काळात साधा मजकूर असलेला मेल नुसता वाचल्याने काहीही चालत नव्हते. म्हणजे त्या नावाचा व्हायरस कोणत्याही संगणकात कधीच नव्हता. पण त्याचा इशारा वर्षानुवर्षे फिरत राहिला. स्वतःच्या प्रती काढून पसरायचे, हा व्हायरसचा गुण त्या इशाऱ्यातच होता. त्या प्रती यंत्र काढत नव्हते, भल्या मनाची माणसे काढत होती.

कोणी म्हणेल, खोटा असला तरी इशाऱ्याने बिघडते काय? सावध राहिलेले बरेच की. त्याचे उत्तर २००१ आणि २००२ सालच्या दोन इशाऱ्यांत आहे. पहिल्यात सांगितले होते की आपल्या संगणकात ‘सल्फएनबीके डॉट एक्झी’ नावाची फाईल शोधा. सापडली तर तो व्हायरस आहे, लगेच पुसा. लोकांनी शोधली. विंडोज ९८ वापरणाऱ्या ज्याने शोधली त्याला ती सापडली, कारण ती विंडोजबरोबरच येणारी, फायलींची लांब नावे पूर्ववत करण्याच्या कामाची फाईल होती. सापडल्यामुळे इशारा खरा वाटला, लोकांनी फाईल पुसली आणि आपल्या ओळखीच्या सर्वांना कळवले. दुसऱ्या वर्षी तोच खेळ ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाच्या फाईलचा झाला. तिच्या चिन्हात एक करड्या रंगाचे खेळण्यातले अस्वल होते. हे अस्वल चौदा दिवस गप्प बसते आणि मग संगणक खाते, अँटीव्हायरसलाही ते दिसत नाही, असे इशाऱ्यात लिहिले होते. अँटीव्हायरसला न दिसण्याचे कारण सरळ होते: तो व्हायरस नव्हताच. येथे व्हायरस बनवण्याची तसदी कुणालाही घ्यावी लागली नाही. मालकानेच आपल्या हाताने आपली वस्तू मोडली आणि शेजाऱ्यालाही मोडायला सांगितले.

या प्रकरणाला एक गाठ होती, तीही सांगितली पाहिजे. त्याच सुमारास ‘मॅजिस्टर’ नावाचा खराखुरा व्हायरस फिरत होता, आणि तो लागण झालेल्या संगणकातील एखादी फाईल मेलला जोडून पाठवी. ती कधीकधी हीच सल्फएनबीके असे. म्हणजे मेलने आलेली फाईल धोक्याची असू शकत होती आणि संगणकात आधीपासून असलेली तीच फाईल निर्धोक होती. असला फरक व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन ओळींत मावत नाही. म्हणूनच इशारा पुढे पाठवण्याआधी जाणकाराला विचारा, असा आमचा आग्रह आहे.

आता खऱ्या व्हायरसकडे वळू. ते कसे आले हे पाहिले तर व्यापाऱ्याला विशेष बोध होईल, कारण ते अनोळखी दारातून आले नाहीत. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ पसरू लागला. वर्डची एक फाईल जोडलेला मेल येई, विषयात ओळखीच्या माणसाचे नाव, आणि मजकूर असा की तुम्ही मागितलेला कागद सोबत आहे. फाईल उघडली आणि तिच्यातील मॅक्रो, म्हणजे फाईलच्या पोटात दडवलेला छोटा प्रोग्रॅम चालला, की तो तुमच्या पत्त्यांच्या वहीतील पहिल्या पन्नास जणांना तुमच्या नावाने रवाना होई. अमेरिकी सरकारच्या हिशेबाने त्याने ८ कोटी डॉलरच्या वर नुकसान केले. तो सोडणाऱ्या डेव्हिड स्मिथला २००२ मध्ये वीस महिन्यांची कैद झाली.

त्यानंतर ४ मे २००० रोजी मनिलाहून ‘आय लव्ह यू’ निघाला. जोडलेल्या फाईलचे नाव असे होते की ती साधी मजकुराची चिठ्ठी वाटावी. तिची खरी शेपटी ‘डॉट व्हीबीएस’ होती, म्हणजे तो चालणारा प्रोग्रॅम होता. पण विंडोज फायलींची शेपटी दाखवत नसे, त्यामुळे ती दिसलीच नाही. उघडताच तो पत्त्यांच्या वहीतील सर्वांना गेला आणि संगणकातील छायाचित्रांच्या फायलींवर स्वतःला लिहून बसला. ब्रिटिश पार्लमेंटला आपली मेलव्यवस्था बंद ठेवावी लागली. करणारा तरुण ओनेल द गुझमान सुटला, कारण फिलिपाइन्समध्ये तेव्हा असा गुन्हा मानणारा कायदाच नव्हता. तो जूनमध्ये झाला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. जाणूनबुजून व्हायरस सोडणाऱ्याला त्यात आज तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

परंतु आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण २००२ सालच्या ‘क्लेझ’चे आहे. या व्हायरसच्या एका अवताराचे मेल असे येत की, ‘क्लेझ सध्या जगभर पसरतो आहे, त्यावर आम्ही फुकट लस काढली आहे, सोबत जोडली आहे, चालवा. चालवताना तुमचा अँटीव्हायरस ओरडेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.’ ती लस म्हणजेच क्लेझ! चोराने चौकीदाराचा डगला घातला आणि घरमालकाला सांगितले, कुत्रा भुंकला तर त्याला बांधून ठेवा. खोट्या इशाऱ्यांवर विश्वास ठेवण्याची सवय लोकांना लागली नसती तर ही युक्ती चालली नसती.

क्लेझने दुसरेही एक विष पेरले. त्याचे मेल ज्याच्या संगणकातून निघत त्याच्या नावाने ते जात नसत. त्याच्या पत्त्यांच्या वहीतील तिसऱ्याच कुणाचे नाव पाठवणारा म्हणून लावले जाई. म्हणजे लागण सोलापूरच्या पेढीत, मेल मिळाला नागपूरच्या गिऱ्हाइकाला आणि नाव दिसले मुंबईच्या अडत्याचे, असे घडू शकत होते. नागपूरवाला मुंबईवाल्याला बोल लावी, आणि त्या बिचाऱ्याला कशाचा पत्ताही नसे. पाठवणाऱ्याचे नाव खोटे लावण्याची ही विद्या आजही चालू आहे. तेव्हा कुणा बांधवाच्या नावाने घाण मेल आला म्हणून चारचौघांत त्याची बदनामी करू नये, व्यवहार तोडू नये. आधी फोन करावा. त्याचा संगणक साफ असेल तर त्याला निदान कळेल की आपल्या नावाचा गैरवापर होतो आहे.

आज खोट्या इशाऱ्यांचे रूप बदलले आहे. ‘मार्टिनेली’ नावाची चित्रफीत उघडू नका, फोन हॅक होईल, हा संदेश २०१७ पासून दर काही महिन्यांनी डोके वर काढतो. सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांत चिनी हॅकरांनी सांकेतिक काही दडवले आहे, असेही फिरले. करोनाच्या काळात एका चित्रफितीचे नाव घेऊन सांगितले गेले की ती दहा सेकंदांत फोन ताब्यात घेते व थांबवता येत नाही. हे सारे ‘गुड टाइम्स’चे नातवंड. मात्र याच गर्दीत २०२१ मध्ये ‘गुलाबी व्हॉट्सअ‍ॅप’चा दुवा आला. तो घेऊ नका हा इशारा खरा होता. ज्यांनी ते उतरवून घेतले त्यांच्या फोनमध्ये चोर शिरला. रोज लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्यांच्या गावात त्या दिवशी लांडगा खरेच आला होता, आणि लोक कंटाळलेले होते. खोट्या इशाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान आम्ही हेच मानतो.

खोटा इशारा आता थेट पैसे काढण्याचेही साधन झाला आहे. संगणकाच्या पडद्यावर लाल पाटी येते, ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा.’ फोन केला की गोड बोलणारा इसम दूरून संगणक किंवा मोबाइल हाताळता येईल असे अ‍ॅप घ्यायला लावतो आणि मग बँकेचे खाते त्याच्या हाती जाते. अशा अ‍ॅपमधून होणाऱ्या लुटीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. पडद्यावर आलेल्या नंबरावर फोन करायचा नाही, हा नियम गल्ल्यावर बसणाऱ्या पोरालाही शिकवून ठेवावा.

आणि खरा व्हायरस? तो आज प्रेमपत्र घेऊन येत नाही, मालाची ऑर्डर घेऊन येतो. ‘परचेस ऑर्डर सोबत जोडली आहे, दर कळवा’, ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे’, ‘बिलात फरक आहे, पाहून घ्या’, असे त्याचे बोलणे असते. ‘एजंट टेस्ला’ नावाचा, पासवर्ड चोरून नेणारा प्रोग्रॅम अशाच ऑर्डरींच्या वेषात वर्षानुवर्षे फिरतो आहे. ‘इमोटेट’ याहून पुढे गेला. तो चोरलेल्या मेलपेटीतील जुना पत्रव्यवहार घेई आणि त्यालाच उत्तर म्हणून आपली फाईल जोडी. समजा, एखाद्या चामडेवाल्याचा दुबईच्या गिऱ्हाइकाशी दराबद्दल आठ दिवस पत्रव्यवहार चालू आहे. नवव्या दिवशी त्याच विषयाखाली, मागील सारी पत्रे खाली जोडलेला मेल येतो, ‘सुधारित ऑर्डर पाहा’. कोण संशय घेईल? २०२१ च्या जानेवारीत अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेटचे जाळे तोडले, तर त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा उभे राहिले. अशा चोरलेल्या मेलपेटीतून पुढचा घाव येतो तो पैशाचा: ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम या खात्यात भरा.’ माल आपला गेला, पैसा तिसऱ्याचा झाला, आणि दोन सचोटीचे व्यापारी एकमेकांना बेइमान म्हणू लागले.

कारागिरांची गोष्ट निराळी. ज्याच्याकडे संगणक नाही, एकच मोबाइल आहे, ज्यावर ऑर्डर, यूपीआय, घरच्या मुलांचे खेळ सारेच चालते, त्याला वाटते व्हायरस मोठ्यांचा रोग. २०२४ पासून लग्नाच्या दावतीचे कार्ड म्हणून, वाहनाच्या दंडाचे चलन म्हणून ज्या ‘एपीके’ फायली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहेत त्या नेमक्या याच माणसासाठी आहेत. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनचे अ‍ॅप. कार्ड असेल तर ते चित्र असते किंवा पीडीएफ असते. कार्ड वाचण्यासाठी अ‍ॅप बसवावे लागत नाही. ते बसवले की बँकेचा ओटीपी आलेला संदेश चोर वाचतो. आणि फाईल पाठवणारा नंबर बहुतेक वेळा आपल्या भाचरांचा, शेजाऱ्याचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. निकाहच्या मोसमात तर हे ध्यानात ठेवावेच.

मग करावे काय? आमच्या मते यासाठी इंजिनियर व्हायची गरज नाही, आपल्या पेढीचा जुना रिवाज पुरे आहे. शाहजोग हुंडी घेऊन कोणी आला तर तो कोण, कुणाच्या ओळखीचा, याची खात्री झाल्याखेरीज मुनीम पैसे मोजत नसे. सही ओळखीची दिसते एवढ्याने भागत नसे. तोच नियम येथे लावावा. न मागितलेली फाईल आली, खाते बदलल्याचे पत्र आले, घाई करणारा मेल आला, की आपल्याजवळ आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारावे. मेलमध्ये छापलेल्या नंबरवर नव्हे. तो चोराचाच असणार. फोनला दोन रुपयेही लागत नाहीत, आणि नव्या गिऱ्हाइकाला असे विचारल्याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याशी व्यवहार न झालेलाच बरा.

संगणकात फायलींची पूर्ण शेपटी दिसेल अशी सोय करून घ्यावी, दुरुस्तीवाला एका मिनिटात करून देतो. नावाच्या शेवटी एक्झी, एससीआर, व्हीबीएस, जेएस असले काही असेल तर ती ऑर्डर नाही. वर्ड किंवा एक्सेलची फाईल ‘मजकूर दिसण्यासाठी हे बटण दाबा’ म्हणत असेल तर दाबू नये. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली, पण चोरांनी मग झिपच्या व आणखी तऱ्हेच्या फायली धरल्या.

येथे एक कडू गोष्ट बोलावी लागते. आमच्या बाजारांत चोरीचे विंडोज, चोरीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि, नवल म्हणजे, चोरीचा अँटीव्हायरस सर्रास वापरला जातो. तराजूत मासाभर कमी तोलणे ज्याला खपत नाही तो माणूस याला चोरी समजत नाही. त्याचा हिशेब खुदाकडे. पण व्यवहारातही हा सौदा खोटा आहे. कुलूप तोडणाऱ्याकडून कुलूप विकत घेतले तर किल्ली त्याच्याकडे राहणारच. विंडोजमध्ये आज फुकट मिळणारा डिफेंडर नियमित अद्ययावत ठेवला तरी चोरीच्या महागड्या अँटीव्हायरसपेक्षा तो कितीतरी बरा.

दुसरे, रोजमेळ, खतावणी, जीएसटीची कागदपत्रे यांची प्रत आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. संगणकाला लावूनच ठेवली तर खंडणी मागणारा व्हायरस तिलाही कुलूप घालतो. आणि सगळे मेलवरूनच येते असेही नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस युक्रेनच्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला. तेथून तो जहाज कंपनी मर्स्कमध्ये शिरला, आणि न्हावा शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम अडले. दूरच्या देशातल्या रोगाने आपल्या दारातील कंटेनरचा खोळंबा होऊ शकतो.

इशाऱ्यांबाबत आमची सूचना अशी. खरा इशारा ओळखण्याच्या खुणा असतात. त्यावर तारीख असते, कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत दोष आहे हे असते, दुरुस्ती कोठे मिळेल हे असते, आणि तो वाचायला कंटाळवाणा असतो. भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून असे इशारे काढते. त्यांत ‘दहा जणांना पाठवा’ असे कधी नसते. प्रत्येक बाजाराच्या व्यापारी संघटनेने आपल्यातील एक जाणता तरुण नेमावा. इशारा आला की तो फक्त त्याच्याकडे पाठवावा. त्याने सर्ट-इनच्या स्थळावर, सरकारी फॅक्ट चेकवर पाहून खरा असल्यास सोप्या भाषेत सर्वांना कळवावा, खोटा असल्यास तेही कळवावे. त्याची चहापाण्याची सोय संघटनेने करावी, फुकटात राबवू नये.

या बाबतीत आमच्या समाजावर इतरांपेक्षा जास्त जबाबदारी आहे, असे आम्ही म्हणतो, त्याला कारण आहे. एप्रिल २०२० मध्ये मुस्लिम फळवाले-भाजीवाले मालावर थुंकतात अशा चित्रफिती देशभर फिरल्या. त्यांतील कित्येक जुन्या, भलत्याच प्रसंगाच्या निघाल्या, पण तोपर्यंत गरिबांच्या गाड्यांवरचे गिऱ्हाईक तुटले होते. त्या पाठवणाऱ्यांतही पुष्कळसे ‘लोकांना सावध करतो आहोत’ असेच समजत होते. न तपासता पुढे पाठवलेला एक संदेश पोटावर कसा पाय देतो हे ज्यांनी सोसले, त्यांच्या हातून तरी तसा संदेश जाऊ नये, मग तो माणसाबद्दलचा असो की व्हायरसबद्दलचा.

एवढे करूनही लागण झालीच तर प्रथम संगणकाची इंटरनेटची तार काढावी किंवा वायफाय बंद करावे. दुसऱ्या साफ यंत्रावरून आधी मेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. मग गिऱ्हाइकांना आपल्या तोंडाने फोन करून सांगावे की आमच्या नावाने आलेली फाईल उघडू नका, खाते बदलल्याचे पत्र मानू नका. पुष्कळ जण शरमेने हे लपवतात. गिऱ्हाइकाला ते चोराकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेले बरे. या कामासाठी गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची यादी कागदावर लिहून गल्ल्यात ठेवलेली असावी, कारण त्या दिवशी संगणकातील यादी उघडता येणार नाही.